आतली कडी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घाटावरून आलो तर घराचं दार उघडं.

कुलूप फुटलेलं नव्हतं. बंदच होतं. कडी-कोयंडा चौकटीतून उपटून काढलेला आणि कुलपासकट पायरीवर टाकलेला. माझा पुतण्या पप्पू पुढे होता. त्याने तो उचलला आणि हातात धरून नुसता बघत राहिला.

आज रत्नाचा दहावा. घरचे, पावणे, शेजारी — झाडून सगळे कुकडीच्या घाटावर. घरात कोण राहणार? बायकोच्या दहाव्याला घर राखायला कोणी मागे ठेवतं का!

आत गेलो. कपाट उघडं. रत्नाच्या साड्या पलंगावर पसरलेल्या. लग्नाला निघताना ती अशाच काढायची — ही नको, ती नको, आणि शेवटी पहिलीच नेसायची. क्षणभर वाटलं, आता विचारेल, कोणती नेसू म्हणून. तेवढ्यात लेकीचा, हर्षालीचा आवाज आला. "आईचा डबा गेला, नाना."

दागिन्यांचा स्टीलचा डबा. साड्यांखाली असायचा.

बायका रडायला लागल्या. सकाळी रत्नासाठी रडल्या, आता डब्यासाठी. मी माठातलं पाणी प्यालो. डोकं भादरलंय, त्याला वारं लागत होतं. तेवढंच काय ते कळत होतं.

१५ नोव्हेंबर

पोलीस आले. पंचनामा झाला. हवालदारांनी विचारलं, डब्यात काय काय होतं? मला सांगता येईना. रत्नाच्या गळ्यात काय असायचं, हातात काय असायचं, ते डोळ्यापुढे येतं. त्याला म्हणतात काय, ते येत नाही. हर्षालीने सांगितलं. आईचं मंगळसूत्र, पाटल्या, कानातलं. मग हळू आवाजात म्हणाली — आणि माझं. गंठण, तोडे, लग्नातलं सगळंच.

जावई शेजारीच उभे होते. अमृत. त्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. "तुझं सोनं इथं कसं?" हसूनच विचारलं. ती म्हणाली, पुण्यात भीती वाटते, म्हणून आईकडे ठेवलं होतं. अमृत हवालदारांना म्हणाले, बायकांचं असंच असतं साहेब, आपल्याला काही सांगत नाहीत. सगळे हसले. मीही हसलो असेन.

हवालदार म्हणाले, हे चोर हल्ली फ्लेक्स वाचतात. श्रद्धांजलीच्या बोर्डावर सगळं असतं — वार, वेळ, कोणता घाट. त्या वेळेला घर रिकामं असणार हे वेगळं सांगावं लागत नाही.

फ्लेक्स पप्पूने लावला होता. लेण्याद्रीच्या रस्त्याला, सगळ्यांना दिसेल असा. रत्नाचा फोटो मोठा छापलेला. हवालदारांचं ऐकून तो बाहेर गेला आणि गोठ्यामागे बसून राहिला. मी त्याला काही बोललो नाही. राग आला असता तर बोललो असतो.

१६ नोव्हेंबर

जेवलो. काय होतं ते आठवत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल तेरावा झाला. पावणे गेले. अमृतही गेले, कंपनीत सुट्टी नाही. हर्षाली मासिकापर्यंत थांबते म्हणाली. अमृत म्हणाले, थांबू द्या नाना, तुम्हाला सोबत होईल. चांगले आहेत. सारखं नाना नाना करतात.

आज हर्षालीने जुन्नरहून कमरुद्दीनभाईंना बोलावलं. सुतार. दारं, कुलपं त्यांचंच काम. आमच्या स्वयंपाकघराच्या फळ्या त्यांनीच ठोकल्या होत्या, उंची पटेना म्हणून रत्नाने त्या तीनदा उतरवायला लावल्या. त्यांनी चौकट बघितली, बोटाने दाबली. बोट आत गेलं.

"कुलूप चांगलं व्हतं नाना तुमचं. पण चौकट वाळवीनं खाल्लीय, आन् कोयंड्याला स्क्रू बगा केवडंसं. पहारीचा एक हिसका, झालं काम."

चौकटीचा खराब भाग कापून त्यांनी सागाचा तुकडा बसवला. त्यावर लोखंडी पट्टी. लांब स्क्रू, पार भिंतीत जाणारे. दाराला नवीन कुलूप — दाराच्या अंगातच बसतं, बाहेरून नुसतं चावीचं भोक दिसतं. चावी फिरवली की जाड दांडे चौकटीत शिरतात. मागच्या दाराला आतून अडसर. मी खुर्चीवर बसून बघत होतो. भाई मला दाखवत होते, फिरवून बघा म्हणत होते. मी फिरवून बघत होतो. सगळी नोकरी डिंभ्याच्या कालव्यावर पाण्याची दारं उघडण्यात, लावण्यात गेली. चाक किती फिरवलं म्हणजे किती पाणी, हे हाताला कळायचं. आज हाताला काही कळलं नाही.

काम संपत आलं तेव्हा हर्षाली म्हणाली, भाई, आतल्या खोलीलाही आतून कडी पाहिजे. मजबूत.

भाई म्हणाले, "आतल्या खोलीला कशापायी गं? भायेरचं दार तं किल्ल्यागत झालं."

"असू द्या."

भाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बसवा. त्यांनी बसवली. आतल्या खोलीत ती झोपते. पोरीच्या मनात चोरीची भीती बसलीय. बसणारच.

१९ नोव्हेंबर

संध्याकाळ झाली की हर्षाली दारं बघत फिरते. पुढचं, मागचं, पुन्हा पुढचं. इकडे दिवस मावळला की सगळ्यांचीच दारं लागतात, उसात बिबट्या आहे. पण बिबट्यासाठी माणूस एकदा दार लावतं आणि जेवायला बसतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अमृत आले. येताना कॅमेरा घेऊन आले. स्वतः शिडीवर चढून ओट्याच्या कोपऱ्यात बसवला. अंगण, दार, फाटक, सगळं येतं त्यात. आणि ते त्यांच्या मोबाईलवर दिसतं, पुण्यात बसून! मला दाखवलं. मोबाईलमध्ये मी होतो, भादरलेल्या डोक्याचा, वर बघणारा. म्हातारा दिसलो.

म्हणाले, आता तुम्ही निर्धास्त राहा नाना, माझं लक्ष आहे. आणि एक चावी माझ्याकडे राहू द्या, अडीनडीला. मी दिली. हर्षाली स्वयंपाकघरात होती. बाहेर आली, चावी त्यांच्या हातात बघितली आणि परत आत गेली. भाजी करपली आज. तिची कधी करपत नाही.

२३ नोव्हेंबर

अमृत सकाळी गेले. हर्षालीला म्हणत होते, मासिकानंतर काय, आजच चल. ती म्हणाली, मासिक झाल्याशिवाय नाही. फाटकापर्यंत सोडायला मी गेलो, ती गेली नाही.

दुपारी प्रयागबाई आल्या. शेजारच्या. त्या नेहमी मागच्या दाराने यायच्या, हाक न मारता. रत्ना आणि त्या मागच्या पायरीवर बसून शेंगा फोडायच्या. आज मागचं दार अडसर लावून बंद. त्या वळसा घालून पुढे आल्या, फाटकाशी उभं राहून हाक मारली. मी चावी शोधायला लागलो. सापडेपर्यंत त्या उन्हात उभ्या. आत आल्या, बसल्या, पण नीट टेकल्या नाहीत. घर निराळंच वाटतंया, म्हणाल्या.

त्या गेल्या आणि लगेच हर्षालीचा फोन वाजला. अमृत. मला दुरून ऐकू आलं ते एवढंच — "प्रयागकाकू. … नाही, एकट्याच. … नाही ओ, दुसरं कोण येणार?"

बरं आहे, जावयांचं लक्ष आहे, असं माझ्या मनात आलं. ते मी इथे लिहून ठेवतो, कारण दुसरं काहीच मनात आलं नाही.

२५ नोव्हेंबर

रत्नाच्या साड्या अजून पलंगावरच. मी खुर्चीत झोपतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पोलीस ठाण्यातून फोन. टोळी सापडली. ठाण्यात या, ओळख पटवायची आहे. त्याआधी त्यांनी पप्पूच्या मोबाईलवर एक फोटो पाठवला. पप्पू धावत घेऊन आला. या माणसाला कुठं बघितलंय का?

बघितलंय.

त्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. आम्ही घाटावर उभे, ऊन वर आलं. कावळे समोरच्या झाडावर होते, खाली येत नव्हते. जो तो पुढे होऊन रत्नाला काहीतरी कबूल करत होता — नानांना अंतर देणार नाही, वर्षश्राद्ध नीट करू, हर्षालीकडं बघू. कावळा ढिम्म. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, चालतं. लोकही चुळबुळ करत होते.

तेव्हा एक माणूस गर्दीतून माझ्याजवळ आला. पांढरी टोपी, पिकलेल्या मिशा. मला वाटलं रत्नाच्या माहेरचा, मढकडचा. त्याने माझा हात हातात घेतला. "घाई करू नगा नाना. माउलीला येळ द्या. यील कावळा." गुरुजी थांबले. त्याने हात सोडला नाही. त्याचा हात गरम होता, खरबरीत. आणि मी रडलो. दवाखान्यात रडलो नव्हतो, सरणापाशी रडलो नव्हतो. त्या माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. तो पाठीवरून हात फिरवत राहिला. असं बराच वेळ. शेवटी कावळा आलाच नाही, दर्भाचाच केला.

फोटोतला माणूस तो आहे. पोलीस फोनवर म्हणाले, त्याचं काम तेवढंच होतं — घाटावर थांबायचं, आणि लोक लवकर घरी निघू द्यायचे नाहीत. तिकडे दुसरे दोघं आमचं दार उपटत होते.

पप्पू शिव्या देत होता. मी फोटो मोठा करून बघितला. हात दिसत नव्हता फोटोत.

२९ नोव्हेंबर

ठाण्यात गेलो, पप्पू बरोबर. तो माणूस भिंतीला टेकून खाली बसलेला. टोपी नव्हती. साहेबांनी विचारलं, हाच का? मी म्हणालो, हाच. त्याने वर बघितलं.

"बरं हाय का नाना?"

हवालदार ओरडले त्याच्यावर. मी म्हणालो, बरं हाय.

बाहेर आल्यावर पप्पू चिडला. त्याला कशाला उत्तर दिलं? म्हटलं, त्याने विचारलं म्हणून. खरं तर दहाव्यापासून मला कोणी विचारलं नव्हतं. सगळे कुलपाचं विचारतात.

सोनं वितळवलंय म्हणे. लगड सापडलीय, कोर्टातून मिळेल, पण वेळ लागेल. घरी येऊन हर्षालीला सांगितलं. वाटलं, रडेल. ती ज्वारी निवडत होती. "जाऊ दे," म्हणाली. "डबा गेला ते एका अर्थी बरंच झालं. आता मागायला काही उरलं नाही."

मागायला म्हणजे? असं विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. थोडी ज्वारी मीही निवडली.

२ डिसेंबर

अमृतचा फोन, माझ्या मोबाईलवर. नाना, कॅमेरा बंद दिसतोय, जरा बघता का? बघितलं तर वायर बोर्डातून निघालेली. उंदीर असेल म्हणालो, परत खुपसली. बरं नाना, थँक्यू, जेवलात का, काळजी घ्या.

संध्याकाळी परत निघालेली. या वेळी मी हर्षालीला बघितलं काढताना. तिनेही मला बघितलं. "राहू दे नाना. लाव म्हणू नका."

म्हटलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

मासिक झालं. प्रयागबाईंनी पुरण वाटलं. पान वाढलं, सगळं रीतीप्रमाणे. रत्नाला पुरणपोळी तुपापेक्षा दुधाबरोबर आवडायची. दूध ठेवायचं राहिलं. आठवलं तेव्हा पान गाईला देऊन झालं होतं.

आता हर्षालीने जायला पाहिजे. बॅग भरताना दिसत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

कमरुद्दीनभाई परत आले. मला माहीत नव्हतं. हर्षालीने बोलावलं होतं. पुढच्या दाराचं कुलूप काढलं, त्यातला चावीचा भाग बदलला, नवीन चाव्या दिल्या. चांगलं चालू असलेलं कुलूप! नवं कोरं! मी भाईंना विचारलं, बिघडलं होतं का? ते हत्यारं गोळा करत होते. म्हणाले, "बिघडलं न्हवतं नाना. पोरीला इचारा." आणि चहा न घेता गेले. भाई चहा सोडून जाणाऱ्यातले नाहीत.

हर्षाली ओट्यावर बसली होती. मी शेजारी बसलो.

"कुलूप का बदललं?"

"एक चावी त्यांच्याकडं होती."

"अगं, जावयांकडं होती. चोराकडं न्हवती."

ती फाटकाकडे बघत होती. मग म्हणाली, "चोर एकदाच येतो, नाना."

मला कळलं. सगळं नाही, पण कळलं. आणि तरी मी उठून गाईला पाणी दाखवायला गेलो.

७ डिसेंबर

आज दुपारी तिने सांगितलं. मी विचारलं नव्हतं. साड्यांच्या घड्या घालत होती, रत्नाच्या. प्रत्येक साडीला हात लावून बाजूला ठेवायची आणि बोलायची. माझ्याकडे बघत नव्हती. तसं सोपं गेलं असेल.

अमृत हात उचलतो. लग्न झाल्याच्या पहिल्या वर्षापासून. दारू नाही, आवाज नाही. शेजाऱ्यांना नमस्कार करून घरात येतो आणि दार लावून घेतो. मोबाईल बघतो, कोणाशी बोललीस, कोण आलं होतं. एकदा ती घाबरून बेडरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. दुसऱ्या दिवशी त्याने स्क्रूड्रायव्हर आणला आणि घरातल्या सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या. बेडरूमची, मागच्या खोलीची. न्हाणीघराचीसुद्धा. भोकं बुजवून वरून रंग दिला. पाहुणे आले की म्हणतो, आमच्याकडे लपवाछपवी नसते.

मी त्या घरात राहून आलोय. न्हाणीघराला कडी नाही, हे मी बघितलं होतं. मोडली असेल म्हटलं, बादली दाराला लावून अंघोळ केली.

रत्नाला माहीत होतं. तो एक दिवस सोनं मागणार, म्हणून ते इथं. दिवाळी झाली की नानांना सांगू, असं दोघींचं ठरलं होतं. दिवाळीनंतर रत्नाला ताप आला.

मी ऐकत होतो. हात गुडघ्यावर होते. आत काहीतरी उसळायला पाहिजे होतं — बापाचं रक्त तापायला पाहिजे होतं! काही नाही. धरणात गाळ बसावा तसं. मला माझीच भीती वाटली. माणूस बायकोबरोबर इतका जातो का, की लेकीसाठीसुद्धा मागे उरत नाही?

ती म्हणाली, "नाना, मी परत जाणार नाही. चालेल ना?"

मी म्हणालो, "घर तुझंच हाय." बरोबर बोललो. पण आवाज बस लागल्याची घोषणा करावी तसा आला. तिला तेवढंही पुरलं. साड्या कपाटात ठेवल्या आणि पलंग झटकला. म्हणाली, आता इथं झोपा.

८ डिसेंबर

पलंगावर झोपलो. माझ्या बाजूला.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी अमृतचा फोन. आवाज नेहमीसारखा मऊ. "नाना, हर्षाली फोन उचलत नाही. रागावलीय बहुतेक. उद्या न्यायला येतो."

मी म्हणालो, "या."

या! इतक्या वर्षांची सवय. जावई येतो म्हणाला की या म्हणायचं. फोन ठेवला आणि वळलो तर हर्षाली दारात. तिच्या तोंडाकडे बघवेना. आतल्या खोलीत गेली. कडी लावली. दिवसाउजेडी, घरात माझ्याशिवाय कोणी नसताना.

मी दाराबाहेर उभा राहिलो. ती कडी माझ्यासाठीही होती.

"हर्षाली," म्हटलं.

मग मी परत फोन लावला. म्हणालो, येऊ नका. ती येणार नाही. अमृत हसले. नाना, तुमची मनःस्थिती ठीक नाही, आई गेल्यापासून तुम्ही खचलाय, तिने काहीतरी डोक्यात भरवलंय. आपण समोरासमोर बोलू. माझ्याकडं चावी आहे, तुम्ही उठायचीसुद्धा तसदी घेऊ नका.

प्रयागबाईंकडे गेलो. मागच्या बाजूने, शेतातून. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, सांगताना जीभ अडेल. नाही अडली. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "रत्नानं मला सांगितलं व्हतं. तुमास्नी कसं सांगावं, म्हून रडायची." पप्पूला बोलावून घेतलं. उद्या तो इथंच असणार, फाटकाशी. पोलिसात जायचं, तक्रार द्यायची, हेही ठरलं. हर्षालीबरोबर प्रयागबाई जाणार.

घरी येऊन बंद दाराला तोंड लावून हे सगळं हर्षालीला सांगितलं. आतून फक्त "बरं" आलं. कडी संध्याकाळी निघाली. दोघं जेवलो. आमटीत मीठ जास्त होतं. मला कळलं.

१० डिसेंबर

आला. गाडी फाटकाशी लावली. पप्पूला बाजूला सारून अंगणात आला, पायरी चढला आणि चावी लावली. फिरेना. परत लावली. दार हलवायला लागला. "नाना, दार उघडा."

मी हर्षालीला म्हणालो, मी भायेर जातो. माज्या मागं आतून लावून घे.

दार अंगापुरतं उघडलं आणि त्याला मागे रेटत बाहेर गेलो. मागे दांडे चौकटीत गेल्याचा आवाज आला. मी दाराला पाठ लावून पायरीवर बसलो. तो बरंच बोलला. नाना म्हणाला, मग नुसतं ओ म्हणाला, मग अरे म्हणाला. हाताला धरून उठवायला लागला. मी त्याचा हात मनगटावरून सोडवला. म्हणालो, "उठत न्हाई." माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्या दोघांसमोर. पुसलं नाही. प्रयागबाई आल्या, वस्तीवरची माणसं आली, फाटकाशी उभी राहिली. तो गेला.

गाडीचा आवाज पार रस्त्याला लागेपर्यंत मी बसून होतो. मग दार वाजवलं.

"कोण आहे?"

"मी हाय गं. नाना."

दार उघडलं.